संरक्षण उद्योग बदलतो आहे, आंबीच्या लेथवाल्याचे काय?

देशाच्या संरक्षणाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे रणगाडे, विमाने आणि दिल्लीचे संचलन येते. हा विषय धंद्याच्या पानावर कशाला, असेही काही वाचक विचारतील. आमच्या मते तो आता याच पानावर यायला हवा. उद्याच्या सैन्याला लागणारी सामग्री कोण बनवणार, किती वेळात बनवणार आणि त्याचे पैसे त्याला कधी मिळणार, हे प्रश्न शेवटी कारखानदारीचे आणि हिशेबाचे आहेत. त्यांची उत्तरे जितकी दिल्लीत ठरतात तितकीच ती आपल्या पुणे जिल्ह्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठरतात.

अशीच एक शेड आम्ही नुकतीच पाहिली. तळेगाव स्टेशनकडून वराळे मागे टाकून इंद्रायणी ओलांडली की आंबी लागते. मावळातले हे भाताचे गाव. आज त्याच्या रस्त्यावरून सकाळ-संध्याकाळ नवलाख उंबऱ्याच्या एमआयडीसीकडे कामगारांच्या बसगाड्या आणि मोटारसायकली धावतात. रस्त्यापासून थोडे आत एक लेथ, एक मिलिंग मशीन आणि कर्जावर घेतलेले एक व्हीएमसी असा पसारा मांडलेले एक वयस्कर गृहस्थ आम्हाला भेटले. परिसरात सगळे त्यांना चाचा म्हणतात. तीस वर्षे भोसरीत टर्नर म्हणून दुसऱ्याकडे काम केले, मग स्वतःची शेड टाकली. बाकावर पोलादाचे काही तुकडे ओळीने मांडलेले होते. प्रत्येकावर नंबर कोरलेला. "हे कुठे बसते?" आम्ही विचारले. चाचा म्हणाले, "ते आम्हाला सांगत नाहीत, भाई. लष्कराचं काम आहे एवढंच माहीत. ड्रॉइंगवर जे आहे ते करून द्यायचं."

हे काम चाचांकडे थेट आलेले नव्हते. मोठ्या कंपनीने ते एका मध्यम कारखान्याला दिले, त्याने दुसऱ्याला, आणि दुसऱ्याने चाचांना. म्हणजे चाचा या साखळीतली चौथी कडी. भारताच्या संरक्षण उद्योगात गेल्या पंचवीस वर्षांत जो बदल झाला तो या चौथ्या कडीवरून पाहिला तर अधिक नीट कळतो, असे आम्हास वाटते.

जुनी घडी कशी होती

आपला जिल्हा या उद्योगाला नवा नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. त्याच्या शेजारची हाय एक्स्प्लोझिव्हज फॅक्टरी १९४० ची. देहूरोडला आयुध निर्माणी आणि दारूगोळ्याचे कोठार, लोणावळ्याला नौदलाच्या अभियंत्यांना शिकवणारी आयएनएस शिवाजी. संशोधनाच्या बाजूने पाहावे तर पाषाणला तोफा आणि रॉकेटांचा आराखडा करणारी एआरडीई, सुतारवाडीला स्फोटकांवर काम करणारी एचईएमआरएल आणि दिघीला लष्करी पूल व वाहने तयार करणारी प्रयोगशाळा. एका जिल्ह्यात इतके सगळे देशात फार थोड्या ठिकाणी सापडेल.

परंतु या सगळ्याचा खाजगी लहान कारखानदाराशी संबंध बेताचाच होता. सैन्याने मागणी नोंदवायची, सरकारी निर्माणीने माल बनवायचा, सरकारनेच तो घ्यायचा, अशी घडी होती. निर्माणीला गिऱ्हाईक शोधावे लागत नसे आणि सैन्याला दुसरे दुकान नसे. अशा व्यवहारात जे होते तेच झाले. मागणीची हमी होती, पण किंमत, दर्जा आणि वेळ यांबाबत तक्रारी वाढत गेल्या. खाजगी कंपन्यांना शस्त्रनिर्मितीचे दार मे २००१ मध्ये उघडले. तोवर त्यांनी फक्त सुटे भाग पुरवायचे अशीच रीत होती.

पुढची मोठी उलथापालथ १ ऑक्टोबर २०२१ रोजी झाली. आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झाले आणि त्याखालच्या ४१ निर्माणी सात सरकारी कंपन्यांत वाटल्या गेल्या. त्यांतली दारूगोळ्याची कंपनी म्युनिशन्स इंडिया लिमिटेड हिचे मुख्यालय पुण्यातच आहे. कामगार संघटनांनी या बदलाला विरोध केला. त्यांची भीती अशी की आज कंपनी केली, उद्या विकतील. ही भीती अगदीच निराधार म्हणून उडवून लावणे योग्य नाही. पिढ्यान्‌पिढ्या खडकी-देहूरोडला हातावर स्फोटक सांभाळणाऱ्या माणसांचे कसब हीदेखील देशाची मालमत्ता आहे, आणि ते एकदा विखुरले तर पुन्हा उभे करायला एक पिढी जाते.

उद्याच्या सैन्याची गरज

आता प्रश्न असा की ही घडी मोडावी का लागली? केवळ कार्यक्षमतेसाठी नव्हे. सैन्याची गरजच बदलली आहे.

२०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले. शीतयुद्ध संपल्यावर युरोपातील श्रीमंत देशांनी आपले तोफगोळ्यांचे कारखाने लहान करत आणले होते. मार्च २०२३ मध्ये युरोपीय संघाने युक्रेनला वर्षभरात दहा लाख तोफगोळे देण्याचे वचन दिले. पैशाची कमतरता नव्हती. तरी मार्च २०२४ उजाडला आणि वचन पुरे झाले नाही. कारण बंद पडलेले यंत्र पैसे मोजले म्हणून दुसऱ्या दिवशी सुरू होत नाही. गोळ्याचे कवच घडवणारा, त्यात स्फोटक भरणारा, फ्यूज बनवणारा आणि त्या फ्यूजमधली स्प्रिंग वळवणारा, असे सगळेच जागेवर असावे लागतात.

त्याच युद्धाने दुसरीही गोष्ट दाखवली. काही हजार रुपयांचा ड्रोन कोट्यवधींचा रणगाडा निकामी करतो, आणि त्या ड्रोनचा तोडगा काही महिन्यांत निघतो, की लगेच नवा ड्रोन लागतो. मे २०२५ च्या भारत-पाकिस्तान संघर्षात आपणही ड्रोन आणि ड्रोनविरोधी यंत्रणांचा उपयोग डोळ्यांनी पाहिला.

म्हणजे उद्याच्या सैन्याला दोन परस्परविरोधी वाटणाऱ्या गोष्टी एकाच वेळी हव्या आहेत. एक, तोच तो माल प्रचंड संख्येने आणि हवा तेव्हा. दोन, थोड्या संख्येचा पण सतत बदलणारा माल. पहिल्यासाठी खडकीसारखे मोठे कारखाने लागतात. दुसऱ्यासाठी दोन दिवसांत ड्रॉइंग बदलून नवा नमुना काढून देणारा लहान कारखानदार लागतो. पहिल्यालासुद्धा तो लागतोच, कारण मोठा कारखाना हजारो सुटे भाग स्वतः घडवत नाही. एकूण काय, संरक्षण उद्योग भविष्याशी जुळवून घेतो आहे असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा मोठा भार या लहान माणसाच्या खांद्यावर येतो.

सरकारी आकडे वाढ दाखवतात. २०१४-१५ मध्ये देशातील संरक्षण उत्पादन सुमारे ४६ हजार कोटी रुपयांचे होते. ते २०२४-२५ मध्ये दीड लाख कोटींवर गेले. २०१३-१४ मध्ये ६८६ कोटींवर असलेली निर्यात २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटींवर पोहोचली. २०२४-२५ च्या उत्पादनात खाजगी क्षेत्राचा वाटा सुमारे २३ टक्के होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिनाका रॉकेटांसाठी १०,१४७ कोटींचे करार झाले. त्यांतला एक भाग म्युनिशन्स इंडियाकडे आणि एक नागपूरच्या खाजगी कंपनीकडे गेला. पिनाकाचा मूळ आराखडा पाषाणच्या एआरडीईचा. तळेगावात लार्सन अँड टुब्रोचे संरक्षण सामग्रीचे संकुल आहे. कामे आपल्या दारात येत आहेत, यात शंका नाही.

मग चाचांच्या कपाळावर आठ्या का?

चौथ्या कडीचा हिशेब

आम्ही त्यांच्याकडून तो हिशेब समजून घेतला. मोटारीच्या सुट्या भागांचे काम असेल तर महिन्याला ठरावीक नगांची मागणी असते. दर कमी, पण चाक फिरत राहते. लष्करी कामात नग थोडे, दर चांगला. परंतु पोलादाच्या प्रत्येक तुकड्याचा हीट नंबर जपून ठेवायचा, मालाचे टेस्ट सर्टिफिकेट जोडायचे, पहिला नग स्वतंत्रपणे तपासून घ्यायचा, हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंग मान्यताप्राप्त ठिकाणीच करायचे, मोजमापाची हत्यारे वेळच्या वेळी कॅलिब्रेट करून त्याचे कागद ठेवायचे. यांतले काहीही अवाजवी नाही. सीमेवर उणे तापमानात तोफ डागताना एक पिन तुटली तर माणसे मरतात. चाचाही हे मान्य करतात. "मोटारीचा माल परत येतो. हा माल परत येत नाही, बातमी येते," असे ते म्हणाले.

त्यांची अडचण वेगळी आहे. या सर्व गोष्टींचा खर्च आधी करावा लागतो. त्यांनी चाळीस नग दिले. तपासणीची तारीख मिळायला दीड महिना गेला. माल पास झाला. बिल वर चढायला लागले तसे प्रत्येक कडीला वरच्या कडीची वाट पाहावी लागली. पैसे हाती आले तेव्हा पाच महिने उलटून गेले होते. तेवढ्या काळात पोलादवाला, वीज मंडळ आणि दोन कामगार यांपैकी कोणीही थांबले नाही. आमच्या वाचकांत व्याजाचा व्यवहार कटाक्षाने टाळणारे पुष्कळ आहेत. त्यांना तर ओव्हरड्राफ्टचीही सोय नाही. त्यांच्या बाबतीत पाच महिन्यांचा उशीर म्हणजे नफा संपला, इतकेच नव्हे, भांडवलही खाल्ले गेले.

आणि पुढचे काम? "पुढच्या वर्षी बघू, असं सांगितलंय." या "बघू"मध्येच सगळे दुखणे आहे.

काळाचे गणित

मोठ्या प्रकल्पांची उदाहरणे घेऊ म्हणजे हे "बघू" किती लांबू शकते ते ध्यानात येईल. १५५ मिलिमीटरच्या एटीएजीएस या ओढून नेण्याच्या तोफेचे काम एआरडीईने २०१३ मध्ये हाती घेतले. २०१७ मध्ये पोखरणला या तोफेने ४८ किलोमीटरपर्यंत मारा करून दाखवला. ३०७ तोफांच्या खरेदीचा, सुमारे ६,९०० कोटींचा करार भारत फोर्ज आणि टाटा यांच्याशी झाला तो मार्च २०२५ मध्ये. म्हणजे कामाला हात घातल्यापासून बारा वर्षांनी. इतकी मोठी चाचणी व्हायलाच हवी, हे आम्ही जाणतो. पण बारा वर्षे थांबण्याची ताकद मोठ्या उद्योगसमूहात असते, आंबीच्या शेडमध्ये नसते.

दुसरे उदाहरण के-९ वज्र या स्वयंचलित तोफेचे. २०१७ मध्ये १०० तोफांचा करार झाला. लार्सन अँड टुब्रोने शंभरावी तोफ फेब्रुवारी २०२१ मध्ये मुदतीआधी लष्कराला दिली. आणखी १०० तोफांचा ७,६२८ कोटींचा करार झाला डिसेंबर २०२४ मध्ये. वेळेआधी माल देणाऱ्या कारखान्याला पुढच्या मागणीसाठी पावणेचार वर्षे थांबावे लागले. या मधल्या काळात सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांनी काय करायचे? ज्यांनी त्या कामासाठी खास जिग आणि गेज बनवून घेतले त्यांनी ते गंजू द्यायचे? ज्या पोराला चार वर्षे शिकवून हात बसवला त्याला परत पाठवायचे? आणि नव्या कराराची बातमी आली की पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची?

युरोपात दहा लाख गोळे का बनले नाहीत याचे उत्तर इथेच आहे. मागणी थांबली की आधी लहान कड्या तुटतात. त्या तुटल्याची बातमी कोणत्याही वर्तमानपत्रात येत नाही. युद्ध सुरू झाल्यावरच त्या नाहीत हे लक्षात येते.

सरकारने काय केले, काय राहिले

सरकारने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ऑगस्ट २०२० मध्ये १०१ वस्तूंची आयात टप्प्याटप्प्याने बंद करणारी पहिली यादी निघाली, त्यानंतर आणखी याद्या आल्या. त्याच महिन्यात सृजन हे पोर्टल सुरू झाले. परदेशातून येणारा कोणता भाग इथे बनवून हवा आहे, हे तिथे कोणालाही पाहता येते. नव्या कल्पना घेऊन येणाऱ्या लहान उद्योगांसाठी २०१८ मध्ये आयडेक्स योजना आली. त्यात नमुना तयार करायला दीड कोटींपर्यंत अनुदान मिळू शकते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मोशीला लहान उद्योगांसाठी संरक्षण प्रदर्शनही भरले.

सर्वांत महत्त्वाचा बदल १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संरक्षण खरेदी नियमावलीत आहे, असे आमचे मत आहे. सैन्याच्या नित्याच्या खरेदीसाठी असलेल्या या नियमावलीत, देशात विकसित केलेल्या मालासाठी पाच वर्षांपर्यंत मागणीची हमी देण्याची आणि ती पुढे वाढवण्याची सोय आहे. माल विकसित होत असताना उशिराबद्दल दंड आकारू नये, असेही म्हटले आहे. चाचांच्या "बघू"वर हाच खरा उतारा आहे. पण ही हमी थेट करार करणाऱ्याला मिळते. ती चौथ्या कडीपर्यंत झिरपेलच असे नाही. वरच्या कंपनीच्या हातात पाच वर्षांची हमी आणि खालच्या लेथवाल्याच्या हातात एका खेपेचे चलन, असे झाले तर हमीचा निम्मा उपयोग वाया गेला.

देयकांचेही तसेच. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, न दिल्यास बँक दराच्या तिप्पट दराने व्याज लागते. १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकर कायद्यातही अशी तरतूद लागू झाली की मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला ती प्रत्यक्ष दिल्यावरच मिळेल. कायदा धारदार आहे. पण तक्रार करायची ती ज्याच्याकडून पुढचे काम हवे त्याच्याविरुद्ध. चाचांनी तक्रार केली नाही. त्यांच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही केली असती की नाही, सांगता येत नाही.

सरकारी खरेदीतला २५ टक्के वाटा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा, असा २०१२ चा आदेश आहे. पण शस्त्रप्रणाली, क्षेपणास्त्रे यांसारखी संरक्षण सामग्री त्या आदेशातून वगळलेली आहे. पूर्ण तोफ लहान कारखानदाराकडून घ्या असे कोणी म्हणणार नाही. तोफेच्या सुट्या भागांत मात्र त्याचा वाटा मोजला जावा, ही मागणी रास्त आहे.

तपासणीच्या सोयीकडे पाहू. मे २०२० मध्ये केंद्राने ४०० कोटींची एक योजना आणली. संरक्षण मालाच्या सामाईक तपासणी केंद्रांसाठी तीनचतुर्थांश खर्च सरकार देणार. त्यातून मंजूर झालेली पहिली केंद्रे उत्तर प्रदेश आणि तामिळनाडूच्या संरक्षण पट्ट्यांत गेली, कारण २०१८ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेले दोन पट्टे तिथेच आहेत. ज्या जिल्ह्यात खडकी, पाषाण, सुतारवाडी आणि दिघी आहे तो त्या दोन्हींत नाही. महाराष्ट्राने २०१८ मध्ये आपले स्वतःचे धोरण केले, आणि २०२५ मध्ये केंद्रापुढे तीन पट्ट्यांची कल्पना मांडली. त्यांतला एक पुणे, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर असा आहे. पट्ट्याच्या नावाची पाटी लागो वा न लागो, तळेगाव-चाकणच्या परिसरात एक सामाईक तपासणी केंद्र झाले पाहिजे. लहान कारखानदाराला एका सर्टिफिकेटसाठी टेम्पो घेऊन दारोदार फिरावे लागू नये.

मावळाला मागचा अनुभव आहे

स्थानिक माणसाच्या मनात या उद्योगाविषयी थोडी शंका आहे, तीही समजून घेतली पाहिजे. देहूरोडच्या कोठाराभोवतीच्या दोन हजार यार्डांच्या रेड झोनमुळे हजारो कुटुंबांच्या घरांचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. त्यांच्यासाठी संरक्षण खात्याचा अर्थ रोजगार असा नसून बांधकामबंदी असा झाला.

मोठ्या कंपनीच्या भरवशावर राहण्याचे परिणामही या भागाने पाहिले आहेत. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. डिसेंबर २०२० मध्ये तिथले उत्पादन थांबले. २०२३ मध्ये ह्युंदाईने तो विकत घेण्याचा करार केला, पण मधल्या काळात कामगारांनी आणि त्या एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून असलेल्या पुरवठादारांनी काय भोगले ते त्यांनाच ठाऊक. तळेगावला येणार म्हणून गाजलेला वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातेत जाणार असे जाहीर झाले, आणि पुढच्या वर्षी फॉक्सकॉनने त्यातून अंग काढून घेतले. जाहिरातीच्या आकड्यांवर शेड बांधायची नसते, हा धडा मावळाने किंमत मोजून घेतला आहे.

संरक्षणात तर गिऱ्हाईक शेवटी एकच, ते म्हणजे सरकार. म्हणून इथे सावधगिरी दुप्पट हवी.

आमच्या सूचना

सरकारला आणि मोठ्या कंपन्यांना आम्ही चार गोष्टी सुचवतो. पहिली, पाच वर्षांच्या हमीचा लाभ घेणाऱ्या कंपनीने आपल्या खालच्या पुरवठादारांनाही निदान दोन वर्षांची लेखी हमी द्यावी, आणि कराराच्या तपासणीत हे पाहिले जावे. दुसरी, कच्च्या मालाची किंमत आगाऊ द्यावी किंवा पोलाद कंपनीनेच पुरवावे. बिनव्याजी आगाऊ रक्कम ही लहान कारखानदाराला अनुदानापेक्षा अधिक उपयोगाची असते. तिसरी, ४५ दिवसांची मुदत पाळली गेली की नाही याचा दाखला प्रत्येक कडीपर्यंतचा मागावा, केवळ पहिल्या कडीचा नव्हे. चौथी, दोन मोठ्या मागण्यांच्या मध्ये सुट्या भागांची थोडी मागणी चालू ठेवावी. सैन्याला दुरुस्तीसाठी सुटे भाग लागतच असतात. त्यामुळे हात चालू राहतील आणि गेज गंजणार नाहीत. यात सरकारचे नुकसान नाही. युद्धाच्या दिवशी ही साखळी शाबूत असेल, हीच त्याची परतफेड.

आता चार शब्द वाचकांसाठी. आमच्या वाचकांत टर्नर, फिटर, वेल्डर, फॅब्रिकेटर पुष्कळ आहेत. हाताला कसब आहे, पण कागद नाही, ही आपली जुनी उणीव. लष्करी काम करायचे असेल तर कागद हाच अर्धा माल आहे, हे ध्यानात ठेवावे. उद्यम नोंदणी करून घ्यावी, ती नसेल तर ४५ दिवसांच्या कायद्याचा आधारच मिळत नाही. प्रत्येक कामाची ऑर्डर लेखी घ्यावी, माल पोहोचल्याच्या चलनावर सही-तारीख घ्यावी. मोजमापाची हत्यारे कॅलिब्रेट करून घ्यावीत. सृजन पोर्टलवर महिन्यातून एकदा नजर टाकावी. तिथल्या शेकडो वस्तूंत एखादी आपल्या मशीनवर होण्यासारखी असतेच.

शेजारच्या तीन-चार शेडवाल्यांनी एकत्र येऊन एक तपासनीस आणि एक मोजमापाचे यंत्र सामाईक ठेवले तर खर्च वाटला जाईल. भागीदारीचे करारपत्र आधी करावे, म्हणजे नंतर भाऊबंदकी होत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, लष्करी काम आपल्या एकूण धंद्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नये. मोटार, शेती अवजारे, पंप, दवाखान्याची उपकरणे, काहीतरी दुसरे चालू ठेवावे. लष्करी कामातून शिकलेली शिस्त या दुसऱ्या मालालाही चांगला दर मिळवून देते, हा त्यातला न दिसणारा नफा.

काही जणांना शस्त्रांच्या धंद्याविषयी मनात संकोच वाटतो. त्यांना एवढेच सांगू की सैन्य गोळ्याच घेत नाही. पूरग्रस्त गावात टाकता येणारा पूल, रुग्णवाहिका, तंबू, जनित्र, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, हेही सारे सैन्य विकत घेते. दिघीच्या प्रयोगशाळेची ओळखच पुलांमुळे आहे. आपल्या मनाला पटेल ते काम निवडण्यास वाव पुष्कळ आहे.

चाचांचा निरोप घेऊन आम्ही निघालो तेव्हा त्यांचा नातू व्हीएमसीवर उभा होता. तळेगावला आयटीआय करतो, सुटीत आजोबांकडे हात बसवतो. "याला यात ठेवू की कंपनीत नोकरीला लावू?" चाचांनी आम्हाला विचारले. आम्ही तेथे उत्तर दिले नाही, कारण ते आमच्या हाती नव्हते. संरक्षण उद्योग भविष्याशी जुळवून घेत आहे असे जे मोठ्या सभांतून सांगतात, त्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. ते भाषणातून देता येणार नाही. या वर्षीच्या चाळीस नगांचे पैसे वेळेवर आले आणि पुढच्या वर्षीच्या चाळीस नगांची ऑर्डर लेखी आली, तर पोरगा मशीनवरच राहील. नाही आली, तर तो नोकरी धरेल, शेड भाड्याने जाईल, आणि ज्या दिवशी देशाला तातडीने चाळीस हजार नग लागतील त्या दिवशी आंबीला ते बनवणारा कोणी नसेल.